औषधांची पायरी वाढवूनही दमा आटोक्यात येत नसेल, तर प्राथमिक स्तरावर नेमके काय तपासावे?

प्रश्न : एक कुटुंबवैद्य

नमस्कार. माझ्याकडे अनेक वर्षे उपचार घेणाऱ्या, पन्नाशीतील एका महिला रुग्णाविषयी सहकाऱ्यांचे मत हवे आहे. त्यांना तरुणपणापासून दमा आहे. मधली बरीच वर्षे तो फारसा त्रासदायक नव्हता, परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत तो वरचेवर उसळू लागला आहे. सध्या फ्लुटिकॅसोन-सालमेटेरॉलची (स्टिरॉइड आणि दीर्घकालीन श्वासनलिका-विस्फारक यांच्या जोडीची) मध्यम मात्रा दिवसातून दोनदा कोरड्या भुकटीच्या इन्हेलरमधून, रात्री मॉन्टेलुकास्टची गोळी आणि गरज पडेल तेव्हा सालब्युटामॉलचा पंप असे उपचार चालू आहेत. तरीही आठवड्यातून दोन-तीन रात्री खोकल्याने जाग येते, जिना चढताना धाप लागते आणि सालब्युटामॉल जवळजवळ रोज घ्यावे लागते.

गेल्या वर्षभरात तीव्र झटक्यांसाठी प्रेडनिसोलोनचे, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्यांचे, तीन कोर्स द्यावे लागले. प्रत्येक कोर्स रोज ४० मिलिग्रॅम याप्रमाणे सात दिवसांचा होता. कोर्स सुरू असेपर्यंत त्या छान असतात आणि नंतर काही आठवड्यांत पुन्हा मूळ पदावर येतात. रक्तातील इओसिनोफिल पेशी (ॲलर्जीच्या प्रकारच्या दाहात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) प्रति मायक्रोलिटर ४२० आल्या. स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी) एकदाच झाली असून ती औषधे चालू असताना, बऱ्या दिवशी केलेली आहे आणि जवळजवळ सामान्य आहे. वजन जास्त आहे, नाक कायम चोंदलेले असते आणि त्या केशभूषेचा व्यवसाय करतात. त्यांनी धूम्रपान कधीच केलेले नाही.

इन्हेलरची मात्रा थेट वाढवावी, टायोट्रोपियम (वेगळ्या गटातील दीर्घकालीन श्वासनलिका-विस्फारक) जोडावे, की लगेच तज्ज्ञांकडे पाठवावे, असा माझ्यापुढे प्रश्न आहे. शिवाय पाठवायचेच असेल, तर तोपर्यंत माझ्या दवाखान्यात काय काय करून घेणे योग्य ठरेल? स्टिरॉइडच्या गोळ्यांवर त्यांचे असे वरचेवर अवलंबून राहणे मला मनापासून अस्वस्थ करते.

उत्तर : श्वसनविकारतज्ज्ञ

आपली अस्वस्थता अगदी योग्य आहे आणि मी तिथूनच सुरुवात करतो. ४० मिलिग्रॅमचे सात दिवस म्हणजे २८० मिलिग्रॅम, म्हणजेच तीन कोर्समध्ये ८४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन एका वर्षात झाले. आयुष्यभरातील एकत्रित मात्रा अर्धा ते एक ग्रॅम झाली तरी हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, मोतीबिंदू यांसारख्या दुष्परिणामांचा धोका वाढू लागतो, असे आता स्पष्ट झाले आहे. प्रत्येक कोर्स त्या त्या वेळी आवश्यकच असतो, परंतु त्यांची बेरीज कोणत्याही एका भेटीत डोळ्यांसमोर येत नाही. त्यामुळे आजवरच्या एकूण कोर्सची संख्या कागदपत्राच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावी, असे मी प्रत्येक सहकाऱ्याला सांगतो.

आता मूळ मुद्दा. ‘उपचारास कठीण दमा’ आणि ‘तीव्र दमा’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. इन्हेलरमधील स्टिरॉइडची मध्यम किंवा उच्च मात्रा आणि जोडीला दुसरे नियंत्रक (दमा आटोक्यात ठेवण्यासाठी रोज घ्यायचे) औषध देऊनही लक्षणे किंवा झटके चालूच राहिले, तर तो उपचारास कठीण दमा होय. औषध नियमित व योग्य पद्धतीने घेतले जात आहे आणि दमा बिघडवणाऱ्या इतर कारणांवर उपचार झाले आहेत याची खात्री केल्यानंतर, उच्च मात्रेवरही जो आटोक्यात येत नाही किंवा मात्रा कमी करताच पुन्हा बिघडतो, तोच तीव्र दमा. नेदरलँड्समधील एका पाहणीत दमा असलेल्या प्रौढांपैकी सुमारे १७ टक्के लोकांचा दमा पहिल्या प्रकारात मोडत होता, तर खऱ्या अर्थाने तीव्र दमा जेमतेम ३.७ टक्के लोकांना होता. या दोन आकड्यांमधील अंतर बहुतांशी प्राथमिक स्तरावरच भरून काढता येते. म्हणूनच मात्रा वाढवण्याचा निर्णय पहिला नसावा.

पहिला प्रश्न निदानाचा आहे. कॅनडात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधीच्या पाच वर्षांत डॉक्टरांनी दम्याचे निदान केलेल्या प्रौढांची पुन्हा काटेकोर तपासणी केली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांमध्ये त्या वेळी दमा आढळला नाही. आपल्या रुग्णाला दमा नसेलच असे मी म्हणत नाही. जुना इतिहास आणि इओसिनोफिलची पातळी पाहता तो असण्याची शक्यता बरीच आहे. तरीही बऱ्या दिवशी, औषध घेऊन केलेली सामान्य स्पायरोमेट्री काहीच सिद्ध करत नाही. त्रास होत असलेल्या दिवशी, किंवा सालब्युटामॉल किमान ४ तास आणि दिवसातून दोनदा घ्यायचे दीर्घकालीन श्वासनलिका-विस्फारक २४ तास थांबवून ती पुन्हा करावी. विस्फारक औषधानंतर एफईव्ही-१ (जोरात फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढला, तर निदानाला ठोस आधार मिळतो. तेही जमले नाही, तर पीक फ्लो मीटरवर (श्वास किती वेगाने बाहेर फुंकता येतो ते मोजणाऱ्या छोट्या उपकरणावर) दोन आठवडे सकाळ-संध्याकाळची नोंद ठेवायला सांगावी. प्रौढांमध्ये दिवसभरातील सरासरी चढ-उतार १० टक्क्यांहून अधिक असेल, तर तोही पुरावा आहे. मात्र वर्षात तीन झटके आलेल्या रुग्णाचे इन्हेलरमधील स्टिरॉइड ‘निदान तपासायचे’ म्हणून दवाखान्यात बंद करून पाहू नये.

एक गोष्ट मुद्दाम विचारावी. त्रास एकाएकी सुरू होतो का, आवाज श्वास आत घेताना येतो का, घसा आवळल्यासारखा वाटतो का आणि पंपाने काहीच फरक पडत नाही का? तसे असेल तर अडथळा श्वासनलिकेत नसून स्वरयंत्राच्या पातळीवर असू शकतो आणि त्यावर स्टिरॉइडचा उपयोग होत नाही.

उत्तर : श्वसनविकार विभागातील परिचारिका

डॉक्टर, आपण लिहिलेल्या माहितीतील एका तपशिलाने माझे लक्ष वेधून घेतले. या बाईंचे नियंत्रक औषध भुकटीच्या इन्हेलरमध्ये आहे आणि आराम देणारे औषध फवाऱ्याच्या पंपात आहे. या दोन उपकरणांना लागणारा श्वास एकमेकांच्या अगदी उलट असतो. भुकटी फुप्फुसात पोहोचण्यासाठी श्वास सुरुवातीपासूनच जोरात आणि खोल ओढावा लागतो, तर पंप दाबल्यावर श्वास चार-पाच सेकंद संथपणे आत घ्यावा लागतो. दोन्ही उपकरणे असलेले रुग्ण बहुधा एकच पद्धत दोन्हींसाठी वापरतात, आणि मग दोहोंपैकी एक औषध घशातच राहते. नियमित इन्हेलर वापरणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांपर्यंत लोक तो योग्य रीतीने वापरत नाहीत, हे प्रमाण ऐकून सुरुवातीला कोणालाही धक्का बसतो, परंतु प्रत्यक्ष पाहायला लागल्यावर ते पटते.

‘पंप नीट घेता ना?’ या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक जण ‘हो’ म्हणतो, आणि त्यात खोटेपणा नसतो. आपण चुकतो आहोत हे त्यांना ठाऊकच नसते. म्हणून उपकरण घरून आणायला सांगावे आणि काहीही न बोलता एकदा पूर्ण कृती पाहावी. पंप हलवला का, तोंडात धरण्यापूर्वी श्वास पूर्ण बाहेर सोडला का, ओठ घट्ट मिटले का, दाबणे आणि श्वास एकाच वेळी सुरू झाले का, नंतर सुमारे १० सेकंद श्वास रोखला का आणि दुसऱ्या पफपूर्वी पुन्हा पंप हलवला का, हे क्रमाने पाहावे. भुकटीच्या इन्हेलरमध्ये श्वास बाहेर सोडताना तो उपकरणात सोडला जातो, ही चूक मी फार वेळा पाहते. त्या ओलाव्याने भुकटीच्या गुठळ्या होतात. चूक दिसली की आपण स्वतः करून दाखवावे, त्यांना पुन्हा करायला लावावे आणि पुढच्या प्रत्येक भेटीत हेच करावे, कारण नीट शिकलेली पद्धतही काही आठवड्यांत पुन्हा बिघडते.

फवाऱ्याच्या पंपासोबत स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) द्यावा. तो महिन्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन, न पुसता हवेत वाळवायचा असतो. फडक्याने पुसले की प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार तयार होतो आणि औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटते. स्टिरॉइड असलेले औषध घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकायला सांगावे. आवाज बसणे आणि तोंडातील बुरशी या त्रासांमुळे पुष्कळ लोक कोणालाही न सांगता औषध सोडून देतात.

औषध सोडण्याबाबत विचारतानाही शब्द जपून वापरावे लागतात. सुमारे निम्मे रुग्ण नियंत्रक औषध सांगितल्याप्रमाणे घेत नाहीत. ‘नियमित घेता का?’ याऐवजी ‘रोज दोनदा घेणे बऱ्याच जणांना जमत नाही, गेल्या आठवड्यात साधारण किती दिवस जमले असेल?’ असे विचारले की खरे उत्तर मिळते. त्यामागे ‘पंपाची सवय लागेल’ अशी भीती असेल, खर्चाची अडचण असेल किंवा औषधाने लगेच फरक जाणवत नाही म्हणून ते निरुपयोगी वाटत असेल. कारण कळल्याशिवाय दिलेला उपदेश वाया जातो. पंपातील डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि गोळीतील मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या एककात, एवढे सांगितले तरी स्टिरॉइडला घाबरून पंप टाळणारे आणि शेवटी गोळ्यांवर जाणारे अनेक जण विचारात पडतात.

उत्तर : औषधनिर्माता

वरील मुद्द्याला एक सोपी जोड देता येईल. औषध दिल्याच्या नोंदी मागवाव्यात. वर्षभरात २०० डोसचे सालब्युटामॉलचे तीन किंवा त्याहून अधिक पंप लागणे हे पुढील झटक्याच्या वाढलेल्या धोक्याचे लक्षण आहे, आणि वर्षाला बारा किंवा अधिक पंप लागत असतील, तर मृत्यूचा धोका वाढलेला असतो. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दम्याच्या मृत्यूंच्या राष्ट्रीय आढाव्यात, मृत्यूच्या वेळी असे आराम देणारे पंप वापरणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांना आधीच्या वर्षात बाराहून अधिक पंप लिहून दिले गेले होते. नियंत्रक औषधाचे किती इन्हेलर नेले हा आकडाही त्याच नोंदीत सापडतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले की चित्र बरेचसे स्पष्ट होते.

उत्तर : दुसरे कुटुंबवैद्य

मला या रुग्णाच्या व्यवसायाबद्दल लिहायचे आहे, कारण तो मुद्दा सहज बाजूला पडतो. केस फिकट करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भुकटीतील परसल्फेट क्षार हे व्यावसायिक दम्याचे सुपरिचित कारण आहे. प्रौढ वयात नव्याने सुरू होणाऱ्या दम्यापैकी ५ ते २० टक्के दम्याचा संबंध कामाच्या ठिकाणच्या संपर्काशी असतो, आणि जुना दमाही अशा संपर्काने बिघडू शकतो. त्यांना एवढेच विचारावे : सुट्टीच्या दिवशी, किंवा काही दिवस कामावर नसताना, श्वास मोकळा होतो का? उत्तर ‘हो’ असेल, तर पीक फ्लोची नोंद दिवसातून किमान चार वेळा, कामाचे आणि सुट्टीचे असे दोन्ही दिवस येतील अशा रीतीने दोन ते चार आठवडे ठेवायला सांगावी. मात्र हे होण्यापूर्वी काम सोडण्याचा सल्ला देऊ नये. संपर्क थांबला की निदान सिद्ध करणे अवघड होते, आणि इथे प्रश्न एका व्यक्तीच्या उपजीविकेचा आहे. दुसरीकडे, निदान खरे ठरले, तर संपर्क जितक्या लवकर थांबेल तितके बरे होण्याचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे ही नोंद लांबणीवर टाकू नये.

दुसरी चौकशी इतरत्र लिहून दिलेल्या औषधांची करावी. बीटा-ब्लॉकर गटातील औषधे दमा बिघडवतात, आणि काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलोलचे थेंब त्याच गटातले आहेत. डोळ्यांतील थेंबांना रुग्ण ‘औषध’ समजत नाहीत, त्यामुळे वेगळे विचारल्याशिवाय ते कळत नाही. रक्तदाबासाठी एसीई-इनहिबिटर चालू असेल, तर रात्रीचा खोकला त्याचाही असू शकतो. ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामक घेतल्यावर नाक आणि छाती दोन्ही बिघडतात का, हेही विचारावे. नाक कायम चोंदलेले, इओसिनोफिल वाढलेले आणि प्रौढ वयात बिघडत चाललेला दमा असे चित्र असताना नाकातील पॉलिप (आतल्या अस्तराच्या मऊ गाठी) आहेत का ते पाहायलाच हवे, कारण पॉलिप आणि ॲस्पिरिनची असहिष्णुता बऱ्याचदा एकत्र आढळतात. नाकात फवारायचे स्टिरॉइड मी आजच सुरू केले असते.

आम्लपित्ताच्या बाबतीत मात्र थोडा संयम हवा. छातीत जळजळ असेल तर जरूर उपचार करावेत, पण आम्ल घटवणाऱ्या गोळ्या लक्षणे नसताना दिल्याने दमा सुधारत नाही. वजन ५ ते १० टक्के कमी झाले तरी दम्याच्या नियंत्रणात फरक पडतो, परंतु धाप लागणाऱ्या माणसाला ‘चालायला जा’ एवढेच सांगून भागत नाही. आधी श्वास थोडा स्थिर करावा लागतो. घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे यांचीही चौकशी करावी.

मॉन्टेलुकास्टबद्दल एक सूचना. अमेरिकी औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्याच्या मानसिक दुष्परिणामांविषयी सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा जोडला आहे. झोप बिघडणे, वाईट स्वप्ने किंवा उदासी आहे का ते विचारावे. उपयोग दिसत नसेल, तर ते चालू ठेवण्याचे कारण उरत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दरम्यान मी पुढील गोष्टी करून पाहिल्या. औषधांच्या नोंदीनुसार त्यांनी वर्षभरात महिनाभर पुरणारे बारा नियंत्रक इन्हेलर न्यायला हवे होते. प्रत्यक्षात पाच नेले. सालब्युटामॉलचे मात्र नऊ पंप नेले. इन्हेलर वापरताना पाहिले, तेव्हा भुकटीसाठीही त्या अगदी हलका, संथ श्वास घेत होत्या. स्टिरॉइडच्या भीतीने ‘बरे वाटते आहे’ अशा दिवसांत त्या ते घेतच नव्हत्या. डोळ्यांचे थेंब किंवा रक्तदाबाचे औषध नाही आणि वेदनाशामकाने त्रास झाल्याचेही त्यांना आठवत नाही. सुट्टीत बरे वाटते का, याचे उत्तर त्यांना निश्चित देता आले नाही, म्हणून पीक फ्लोची नोंद सुरू केली आहे. नाकासाठी फवारा दिला आहे.

आता दोन शंका आहेत. औषध नियमित घेतलेच जात नव्हते हे उघड झाल्यावर उपचारांची रचना बदलावी की आहे तीच नीट चालवावी? आणि तज्ज्ञांकडे पाठवणे आता लांबवावे का?

उत्तर : श्वसनविकारतज्ज्ञ

उच्च मात्रा आणि टायोट्रोपियम हे दोन्ही सध्या बाजूला ठेवावेत. जे औषध निम्म्याहून कमी वेळा घेतले गेले, तेही चुकीच्या श्वासाने, ते अपुरे पडले असे म्हणता येत नाही. शिवाय इन्हेलरमधील स्टिरॉइडचा बहुतांश लाभ कमी मात्रेतच मिळतो आणि त्यापुढे प्रामुख्याने दुष्परिणाम वाढत जातात.

रचना मात्र मी बदलेन. बरे वाटेल त्या दिवशी नियंत्रक सोडायचा आणि त्रास झाला की सालब्युटामॉलचा निळा पंप घ्यायचा, अशी ज्यांची सवय आहे, त्यांच्यासाठी ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हेच औषध नियमित आणि गरजेपुरते अशा दोन्ही कामांसाठी वापरणे अधिक सुरक्षित ठरते. फॉर्मोटेरॉलचा परिणाम लवकर सुरू होत असल्याने हे शक्य होते. सालमेटेरॉल असलेले इन्हेलर अशा प्रकारे कधीही वापरू नयेत. या पद्धतीत आराम मिळवण्यासाठी घेतलेल्या प्रत्येक डोसासोबत थोडे स्टिरॉइड फुप्फुसात जाते, आणि तितक्याच किंवा त्याहून मोठ्या मात्रेच्या जुन्या पद्धतीपेक्षा तीव्र झटके कमी होतात, हे मोठ्या चाचण्यांतून दिसले आहे. जागतिक दमा मार्गदर्शिका असलेल्या ‘जिना’ने २०१९ पासून प्रौढांना आणि किशोरवयीनांना केवळ सालब्युटामॉलवर ठेवू नये असे सांगितले, त्यामागेही हाच विचार आहे. २००/६ मायक्रोग्रॅमच्या उपकरणातून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ आणि त्रास होईल तेव्हा एकेक पफ द्यावा. दिवसभरात एकूण १२ पफ ही कमाल मर्यादा आहे आणि तिथवर जावे लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकच उपकरण राहिल्यामुळे दोन प्रकारच्या श्वासांचा घोळही संपतो.

सोबत लेखी कृती-आराखडा द्यावा. लक्षणे वाढली तर काय करायचे आणि पीक फ्लो स्वतःच्या सर्वोत्तम पातळीच्या ६० टक्क्यांखाली गेला किंवा ४८ तासांत सुधारणा दिसली नाही, तर काय करायचे, हे त्यांच्या भाषेत त्यावर असावे. झटका आल्यास त्यानंतर दोन ते सात दिवसांच्या आत पुन्हा तपासावे.

पाठवण्याबाबत माझे मत असे आहे की थांबू नये. वर्षात तोंडावाटे स्टिरॉइडचे दोन किंवा अधिक कोर्स लागणे आणि व्यवसायाशी संबंध असल्याची शंका, यांतील प्रत्येक कारण स्वतंत्रपणे पुरेसे आहे. उपचार सुधारत असतानाच पत्र द्यावे. तीन महिन्यांत त्या पूर्ण बऱ्या झाल्या तर उत्तमच, तेव्हा केवळ व्यवसायाचा प्रश्न तपासायचा उरेल. तसे झाले नाही, तर ते तीन महिने वाया गेलेले नसतील. इओसिनोफिलवर परिणाम करणाऱ्या जैविक औषधांचा, उदाहरणार्थ मेपोलिझुमॅब किंवा बेनरालिझुमॅबचा, विचार त्या टप्प्यावर करता येतो. इओसिनोफिलची तपासणी प्रेडनिसोलोन संपल्यानंतर किमान एक ते दोन आठवड्यांनी पुन्हा करावी, कारण गोळ्यांमुळे ती पातळी खोटी कमी दिसते. ३०० च्या वर पातळी असताना स्ट्राँगिलॉइडिस कृमीची रक्तचाचणी करून घ्यावी. हा संसर्ग बऱ्याचदा काहीच लक्षणे दाखवत नाही आणि स्टिरॉइड चालू असताना तो जीवघेणा ठरू शकतो.

पत्रात केवळ ‘अनियंत्रित दमा’ असे न लिहिता कोर्सच्या तारखा व मात्रा, नेलेल्या इन्हेलरची संख्या, प्रत्यक्ष पाहिलेली पद्धत, पीक फ्लोची मूळ वही, औषध घेण्यापूर्वीची व नंतरची स्पायरोमेट्री, सर्व इओसिनोफिल अहवाल आणि कामाच्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या रसायनांची यादी जोडावी. यातील बरीचशी माहिती तज्ज्ञांकडे पहिल्या भेटीत कधीच उपलब्ध नसते. ती फक्त आपल्याकडे आहे.